चार बोटांचा ठसा

आमच्या कारखान्यात फॅक्सचं मशीन अजून चालू आहे. यावर ज्याला हसायचं असेल त्यानं आधीच हसून घ्यावं. पायाच्या दवाखान्यात नवे डॉक्टर येतात तेव्हा पहिल्या फोनला हसतातच. "आजी, मोबाइलवर फोटो पाठवतो ना," म्हणतात. मी म्हणते, पाठवा. फोटो येतो. त्यात पाऊल अगदी स्वच्छ दिसतं, नखांतली माती दिसते. पण ते केवढं आहे? मोबाइलवर हत्तीचा पाय आणि उंदराचा पाय एकाच पडद्यावर मावतात. दोन बोटांनी ताणलं की मोठं, सोडलं की लहान. त्यावर चामडं कापायचं कसं?

फॅक्सचं तसं नाही. तिकडे वीतभर पाऊल घातलं की इकडे वीतभरच बाहेर येतं. आमच्याकडे सरळ पायांची माणसं येत नाहीत, ती दुकानात जातात. आमच्याकडे येतो तो कुणाचा आखूड पाय, कुणाची न टेकणारी टाच, कुणाची एकमेकांवर चढलेली बोटं. असा बूट गव्हाच्या दाण्याएवढा चुकला तरी माणसाची कंबर धरते. म्हणून दवाखान्यात तळव्याला शाई फासून माणसाला कागदावर उभं करतात. जिथं भार पडतो तिथं काळं, जिथं पडत नाही तिथं कोरं. तो ठसा फॅक्सनं येतो, आणि त्यावरून मी फर्मा निवडते. फर्मा म्हणजे लाकडाचं पाऊल, ज्यावर बूट ओढून शिवतात. आमच्या भिंतीवर ते फर्मे खुंट्यांना टांगलेले आहेत. नवीन माणूस आत आला की आधी भिंतीकडे बघतो आणि मग स्वतःच्या पायांकडे.

मशीन खिडकीशी स्टुलावर असतं. रंग पूर्वी पांढरा होता, आता जुन्या दातासारखा झालाय. थोरला, म्हणजे माझा मुलगा, हिशेब आणि फोन बघतो. तो दर वर्षी म्हणतो, "आई, ही लाइन काढून टाकू." मी म्हणते, "मला काढल्यावर काढ."

धाकटी आता इथं नसते. हाताची शिवण तिच्यासारखी आमच्यात कुणाची नव्हती, माझी धरून. पण तिला लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आवडला. मी एवढंच म्हटलं, "आपण लोकांना चालतं करतो, आणि हा लोकांना चालू देत नाही. जमणार कसं?" सगळे हसले. ती हसली नाही. एक पिशवी घेऊन गेली. लग्न केल्याचं थोरल्याकडून कळलं. त्यानंतर तिनं मला फोन केला नाही. आणि मी का करावा? आई मी आहे की ती?

थोरला तिच्याशी चोरून बोलायचा. मी खोलीत पाऊल टाकलं की "बरं, ठेवतो" म्हणायचा. एवढ्या मऊ आवाजात तो बायकोलासुद्धा "ठेवतो" म्हणत नाही. संध्याकाळी दार ओढून घेताना मी रस्त्याच्या वळणापर्यंत बघायची, हे खरं आहे. सूनबाई विचारायची, "आई, कुणाची वाट बघताय?"

"कचऱ्याच्या गाडीची," मी म्हणायची.

पहिला कागद आला तो जेवणाच्या सुट्टीत. शिलाईची यंत्रं बंद होती, सगळे मागच्या खोलीत डबे उघडून बसले होते. मशीन खाकरलं आणि कागद जिभेसारखा बाहेर यायला लागला. मी घास ठेवून उठले. दोन तळवे. डावा, उजवा. मी कागद फाडून उजेडात धरला आणि तशीच उभी राहिले.

प्रत्येक पायाला चारच बोटं उमटली होती. करंगळी टेकलेली नव्हती. आणि उजव्या टाचेवर आडवी पांढरी रेघ होती. ती रेघ मला ठाऊक होती. धाकटी शाळेत असताना याच खोलीत रापीवर पाय दिला होता तिनं. चामडं सोलायची रापी, वस्तऱ्यापेक्षा धारदार. टाके घातले, तरी त्या जागी टाच कधी पुरती टेकली नाही.

शिलाईमास्तर हात पुसत मागे आले. माझ्या यजमानांच्या वेळेपासूनचे आहेत ते. त्यांनी खांद्यावरून बघितलं. "बाई, ही आपल्या धाकटीची पावलं."

"मला डोळे आहेत, मास्तर."

कागदाच्या वरच्या कडेला पाठवणाऱ्याचा नंबर छापून येतो. तिथं काही नव्हतं. थोरला म्हणाला, "नंबर लपवला असेल."

"लपवणारच. तोंड कुठाय दाखवायला?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "पायात घालायला हवं झालं तेव्हा आई आठवली!" आणि कपाटातलं सगळ्यात मऊ चामडं काढलं. ते एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी ठेवलं होतं. राहू दे गिऱ्हाईक.

बूट मी स्वतः केले. तपकिरी, बंदांचे, टाचेत रेघेपाशी मऊ गादी घातलेले. तयार झाल्यावर खिडकीत ठेवले आणि वाट बघितली. पत्ता नाही, फोन नाही. शेवटी थोरल्याला म्हटलं, "तुझ्या बहिणीला सांग, बूट झालेत. भाव खाणं पुरे."

तो बाहेर जाऊन बोलून आला. "आई, ती म्हणते तिनं काही पाठवलं नाही."

"खोटं बोलते. माझीच मुलगी आहे."

पण मला झोंबलं. पाऊल तिचं, रेघ तिची. मग शाई कुणी फासली?

दुसरा कागद आला तोही भर दुपारी. तीच चार बोटं, तीच रेघ. मी तो पहिल्या कागदावर ठेवला आणि कडा जुळवायला लागले. जुळेनात. पाऊल लहान होतं. बोटाच्या पेराएवढ्यानं लहान.

मशीनवाल्याला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, रूळ पुसले, फुंकर मारली. मी दवाखान्यात फोन करून लाकडी पट्टीच फॅक्स करायला लावली. पट्टी आली. त्यावर आमची पट्टी ठेवली. रेघेला रेघ जुळली.

"मशीन म्हातारं आहे," तो पेचकस खिशात टाकत म्हणाला, "पण खोटारडं नाही."

"माझ्यासारखं."

"तसं म्हणालो नाही, आजी."

"म्हणाला असतास तरी चाललं असतं. चहा घेऊन जा."

थोरल्याचं म्हणणं पडलं, कुणीतरी जुना ठसा झेरॉक्सवर लहान करून पाठवतंय, चेष्टा चाललीये. मी भिंतीशी गेले. आमच्या घरात मुलांची पावलं वाढली की नवा फर्मा कोरायचा आणि जुना ठेवून द्यायचा. धाकटीचे एका खुंटीला दोरीत ओवलेले होते. मी ते खाली घेतले, एकेक कागदावर ठेवून बघितला. एक बरोबर बसला. ती मोठ्या शाळेत गेली तेव्हाचा. नुसती लांबी नाही. चवडा बसला, टाचेचा गोल बसला. मोठ्या बाईचं पाऊल लहान करून पोरीचं पाऊल होत नाही. बोटं वेगळी असतात, मधला खळगा वेगळा असतो. हे कागदावरचं पाऊल पोरीचंच होतं.

"जपून ठेवलेला ठसा असेल तेव्हाचा," सूनबाई हळूच म्हणाली.

"तेव्हा आम्ही ठसे घेत नव्हतो," मास्तर म्हणाले. "दोरीनं माप घ्यायचो."

मास्तरांनी यंत्र चालू केलं, कारण नसताना.

मी थोरल्याला म्हटलं, "फोन लाव. मोठ्या आवाजात लाव. मी इथं नाही असं सांग."

धाकटीचा आवाज खोलीत आला. किती दिवसांनी. मी हातातली चामडं टोचायची आरी घट्ट धरली.

"बरी आहे रे दादा. तुम्ही सगळे एकदम पायांच्या मागे का लागलात?"

"पाय दुखतायत का तुझे?"

"दुखत नाहीत. पण जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं होतं कधी कधी. सपाट जमिनीवरसुद्धा. थकवा असेल." मग हसली. "आई कशी आहे? अजून सगळ्यांना सोलते का?"

थोरल्यानं माझ्याकडे बघितलं. "तशीच आहे," म्हणाला.

"मी विचारलं असं सांगू नकोस तिला."

"बरं. ठेवतो."

मी आरी खाली ठेवली आणि म्हटलं, "सोलते म्हणे." माझा आवाज मलाच कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला.

तिसऱ्या कागदावर रेघ नव्हती.

चार बोटं होती. मऊ, गोल, वाटाण्यांसारखी. टाच अख्खी होती, रापी लागायच्या आधीची. खुंटीवरच्या दोरीतला सगळ्यात लहान फर्मा ठेवला, तर तो कागदावरच्या ठशापेक्षा मोठा निघाला. त्याहून लहान आम्ही कधी कोरलाच नव्हता. कारण त्याआधी ती चालत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळची बस धरली. सूनबाईला सांगितलं, "त्या बाजूला माझं काम आहे." ती "बरं" म्हणाली आणि डबा दिला. तो दोघींना पुरेल एवढा होता. हुशार आहे, पण तोंडावर सांगत नाही मी. पिशवीत बूट घेतले, फॅक्सचे तिन्ही कागद घेतले, एक कोरा कागद आणि पेन्सिल घेतली. शाई घेतली नाही. बसमध्ये शाईची बाटली सांडते आणि मग डाग जन्मभर निघत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

उंच इमारत, काचेचं दार, खाली जावई उभा. मला बघून त्यानं हात पँटला पुसले. थोरल्यानं कळवलं असणार. लिफ्टनं वर नेलं मला. मी त्याच्याशी बोलले नाही, पण लिफ्ट चांगली चालत होती, हे मान्य करते.

दार धाकटीनं उघडलं. अनवाणी होती. मी तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघितलं.

पाय होते तसे होते. मोठ्या बाईचे, रुंद चवड्याचे, करंगळी जरा उचललेली. मला उंबऱ्यातच बसावंसं वाटलं.

"आलीस शेवटी," ती म्हणाली.

"इकडे काम होतं."

"कसलं?"

"पाय पुढे कर."

"आई, मला भेटायला आलीस की माप घ्यायला?"

"दोन्हीला वेगळं भाडं पडतं का?"

तेव्हा ती हसली, आणि मग रडली, आणि मी तिला तसंच उभं करून कागद तिच्या पायाखाली सरकवला. पेन्सिल पायाच्या कडेकडेनं फिरवली. टाच, घोट्याखालचा गोल, चवडा, एकेक बोट. पाचही बोटं. हाताला तिची ऊब लागत होती. रेखाटलेलं पाऊल मी पिशवीतल्या पहिल्या कागदावर धरलं. कडेला कड जुळली. बूट घातले, तर जणू तिच्यावरच शिवलेले. ती खोलीभर चालली, वळली, "गादी कुठं घातलीयेस बरोबर!" म्हणाली. आम्ही डबा खाल्ला. तिनं विचारलं, मास्तर अजून यंत्राशी भांडतात का? मी सांगितलं. ते फॅक्सचे कागद मी तिला दाखवले नाहीत. काय सांगणार होते?

"चार दिवस राहायला ये," मी उठताना म्हटलं. "हातातली शिवण विसरली असशील."

"बोलावतेयस का?"

"काम पडून आहे म्हणून सांगते."

"येते," ती म्हणाली.

जावई मला खाली सोडायला आला. लिफ्टचं दार उघडलं. मी आत पाय टाकला, मग त्यानं टाकला. दार मिटलं, तरी त्यानं बटण दाबलं नाही.

"आई," तो म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला. "माणूस आत आला की लिफ्ट किंचित दबते. तुम्हाला जाणवत नाही, आम्हाला जाणवते."

"मग?"

"ती आली की दबत नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे बटणांवर होते.

"मग दुरुस्त करा," मी म्हटलं. "तुमचाच धंदा आहे."

"लिफ्ट ठीक आहे, आई."

त्यानं बटण दाबलं. घरी पोचेपर्यंत मी स्वतःला सांगत राहिले, की लिफ्टवाल्याला सगळीकडे लिफ्टच दिसणार. पेन्सिलीनं काढलेलं पाऊल पिशवीत होतं. ते माझ्या हातांनी काढलं होतं.

मी परतले तेव्हा मशीनखाली एक कागद पडला होता. लांबच्या लांब, कोरा.

"मघाशी आला," थोरला म्हणाला. "कुणीतरी उलटा घातला." ते खरंच नेहमी होतं. दवाखान्यातली नवी नर्स कागद पालथा घालते, मग इकडे कोरा येतो, आणि आम्ही फोन करून ओरडतो.

"नंबर आहे का वर?"

त्यानं बघितलं. "नाही."

"मग ओरडणार कुणावर?" मी म्हटलं आणि कागद चुरगळून टाकला. त्या दिवशी मला हसू येत होतं.

धाकटी आली. एक पिशवी घेऊनच आली. मागच्या खोलीत तिचं अंथरूण घातलं. दिवसभर ती तेच तपकिरी बूट घालून कारखान्यात फिरायची, चामडं उचलायची, मास्तरांशी वाद घालायची. त्यानंतर मशीन गप्प होतं. म्हणजे दवाखान्याचे कागद यायचे, तसला एकही नाही. मी संध्याकाळी दार ओढताना वळणाकडे बघायचं सोडलं. सूनबाईनं विचारलं, "गाडी आली वाटतं?" मी तिला एक चापट दिली, हलकीच.

एकदा दुपारी मास्तर धाकटीचे बूट हातात घेऊन आले. ती आत जरा आडवी झाली होती. त्यांनी बूट पालथे करून माझ्यापुढे धरले. तळ गुळगुळीत होता. त्यावर ओरखडा नव्हता, धूळ नव्हती. वरच्या चामड्याला चवड्यापाशी घडीसुद्धा पडली नव्हती.

"रोज घालते ना?" ते म्हणाले.

"चांगलं चामडं आहे."

"बाई, चामडं कितीही चांगलं असलं तरी..."

"जागेवर ठेवा, मास्तर."

त्यांनी ठेवले. मग खाली बघत म्हणाले, "एकदा शाई लावून बघायची का?"

"नाही."

मी एवढ्या जोरात का बोलले, मलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना उघडायच्या आधी मी मागच्या खोलीत चादरी घड्या घालत होते. ऊन फरशीवर आलं होतं. न्हाणीचं दार उघडलं. धाकटी केस पुसत बाहेर आली आणि खोली ओलांडून खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. पोटऱ्यांवरून ओघळत होतं. घोट्यांवरून खाली येत होतं.

मी फरशीकडे बघितलं.

न्हाणीच्या दाराशी पहिला ओला ठसा होता. माझ्या अंगठ्याएवढा. चार बोटं. मधे खळगा नाही. कधीच न टेकलेला तळवा.

दुसरा ठसा मोठ्या बाईच्या ढांगेइतका पुढे होता. नखाएवढा.

तिसरा नुसता थेंब.

पुढे काही नव्हतं.

मी कोपऱ्यातलं फडकं घेतलं, गुडघ्यांवर बसले आणि पुसायला लागले. मास्तर यायच्या आत. थोरला उठायच्या आत.

"आई, काय पुसतेस?"

"पाणी."

"दे इकडे. तुझे गुडघे दुखतात." ती वळली आणि ओल्या पायांनी सबंध खोली ओलांडून माझ्याजवळ आली. फडक्यासाठी हात पुढे केला.

मी फडकं सोडून तिचं मनगट धरलं. ते गरम होतं. भरलेलं होतं. आत ठोके पडत होते.

"अगं, सोड ना," ती हसून म्हणाली. "दुखतंय."

तिच्यामागे खिडकीपर्यंत फरशी कोरडी होती.